वऱ्हाडचं नाव लागलेली राजकन्या

आमच्या पांढरकवड्यावरून हैदराबादचा रस्ता जातो. पूर्वी त्याला सात नंबरचा हायवे म्हणत, आता चव्वेचाळीस नंबरचा म्हणतात. पाटणबोरी मागे टाकून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा लागतो. आज तिथे दोन राज्यांची हद्द आहे. स्वातंत्र्याआधी नदीच्या अलीकडे इंग्रजांचा कारभार होता आणि पलीकडे निझामाचा. पण अलीकडची जमीनही, म्हणजे आमचा केळापूर तालुका धरून सगळा वऱ्हाड, कागदावर निझामाच्याच मालकीची होती. त्या कागदापायी इस्तंबूलमध्ये जन्मलेल्या आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर वाढलेल्या एका मुलीला आमच्या मुलखाचं नाव लागलं. तिचं नाव दुर्रूशेहवार. जगाने तिला 'प्रिन्सेस ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडची राजकन्या, म्हणून ओळखलं.

मी इथल्या शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतरही मुली घरी येतात, त्यांच्या मोबाइलमध्ये मला काय काय दाखवतात. स्पेनची लिओनोर लष्करी गणवेशात कशी दिसते, नेदरलँड्सची अमालिया कुठे शिकते, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यात काही वाईट नाही. आपल्याच वयाची मुलगी राजवाड्यात कशी जगत असेल, हे कुतूहल कोणत्याही पोरीला असणारच. मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला वऱ्हाडची राजकन्या माहीत आहे का?" तर एक म्हणाली, "आपली पण होती काय वो मॅडम?" मग मी त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. कारण या बाईचं तरुणपण कळलं की आजच्या युरोपातल्या राजकन्यांचं आयुष्यही नीट कळतं.

दुर्रूशेहवारचा जन्म २६ जानेवारी १९१४ चा. वडील अब्दुलमजीद हे उस्मानी घराण्यातले शहजादे. हे घराणं सहाशे वर्षं राज्य करत आलेलं. आशिया, युरोप आणि आफ्रिका या तिन्ही खंडांत त्याचा मुलूख पसरलेला होता. अब्दुलमजीद चित्रकार होते, पाश्चात्त्य संगीताचे दर्दी होते. त्यांचं एक गाजलेलं चित्र आहे, त्यात अंतःपुरातल्या स्त्रिया बीथोव्हनचं संगीत वाजवताना आणि ऐकताना दिसतात. अशा घरात ही मुलगी वाढत होती. पण तिच्या जन्माच्या वर्षीच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ती चालायला-बोलायला शिकेपर्यंत साम्राज्य मोडकळीला आलं. १९२२ च्या नोव्हेंबरात मुस्तफा कमालच्या नव्या सरकारने सुलतानपद रद्द केलं. अब्दुलमजीद यांच्याकडे फक्त खलिफापद आलं, म्हणजे धर्माचं मानाचं स्थान राहिलं, पण सत्ता उरली नाही.

तेही फार टिकलं नाही. ३ मार्च १९२४ ला अंकाराच्या विधिमंडळाने खिलाफत संपवली आणि उस्मानी घराण्यातल्या प्रत्येकाला देशाबाहेर घालवण्याचा कायदा केला. त्याच रात्री दोल्माबाहचे राजवाड्याला पोलिसांनी वेढा दिला. पहाट व्हायच्या आत खलिफा, त्यांच्या बायका, मुलगा आणि दहा वर्षांची दुर्रूशेहवार यांना मोटारीत बसवून शहराबाहेर चाताल्जा नावाच्या छोट्या स्टेशनवर नेलं. शहरातल्या मोठ्या स्टेशनवर लोक जमतील, ही भीती होती. युरोपकडे जाणारी गाडी रात्रीची. दिवसभर ही मंडळी स्टेशनमास्तरच्या घरी थांबली. तो स्टेशनमास्तर ज्यू होता. खलिफांनी त्याचे आभार मानले, तेव्हा तो म्हणाला म्हणे, की स्पेनमधून हाकलल्यावर आमच्या पूर्वजांना तुमच्या घराण्याने आसरा दिला होता, आज तुमची सेवा करायची पाळी आमची आहे. उस्मानी घराण्याच्या हद्दपारीची हकीकत सांगणारे हा प्रसंग आवर्जून सांगतात.

माझ्या मते दुर्रूशेहवारचं सगळं तरुणपण या एका दिवसाने घडवलं. राजघराण्यात जन्मलेल्या मुलीला देश नाही, घर नाही, पासपोर्टही नाही, आणि तरी तिने राजकन्येसारखंच उभं राहायचं, बोलायचं, बसायचं, अशी अपेक्षा. गाडी स्वित्झर्लंडच्या हद्दीवर पोचली तर तिथे अडवली. एकाहून जास्त बायका असलेल्यांना त्या देशात प्रवेश नव्हता. बऱ्याच खटपटीनंतर परवानगी मिळाली. काही महिने जिनिव्हाच्या सरोवराकाठी काढून ऑक्टोबरात कुटुंब फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीसला आलं. त्या काळी नीस म्हणजे पदच्युत राजेरजवाड्यांचं गाव. रशियातून पळालेले उमरावही तिथेच.

खायचं कशावर? इथे हैदराबाद या कथेत येतं. सातवा निझाम मीर उस्मान अली खान याने खलिफांना महिना ३०० पौंड पेन्शन सुरू केलं. निझाम तेव्हा जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाई. आणि त्याच्या श्रीमंतीत वऱ्हाडच्या भाड्याचाही वाटा होता. हे भाडं कसलं, ते पुढे सांगते.

नीसमध्ये मुलीला वडिलांनी कडक शिस्तीत शिकवलं. तुर्की घरची, फ्रेंच गावची, इंग्रजी जगाची. पुढे तिने उर्दूही उत्तम आत्मसात केली. ती उंच होती, देखणी होती, आणि तिच्या वागण्यात एक दरारा होता, असं तिला पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा तिच्या लग्नाचं ठरलं. मध्यस्थी केली खिलाफत चळवळीतले मौलाना शौकत अली यांनी. वर कोण, तर निझामाचा थोरला मुलगा आझम जाह. निझामाला खलिफाच्या घराण्याशी सोयरीक हवी होती. त्यामुळे साऱ्या मुस्लिम जगात हैदराबादचा मान वाढणार होता. निर्वासित खलिफाला मुलीसाठी तोलामोलाचं घर हवं होतं. दोघांचीही गरज समजण्यासारखी आहे. पण ती गरज भागवायला एक मुलगी साता समुद्रांपलीकडे निघाली, हेही विसरता येत नाही. १२ नोव्हेंबर १९३१ ला नीसमध्ये निकाह झाला. त्याच वेळी घराण्यातलीच दुसरी मुलगी, नीलोफर, निझामाच्या धाकट्या मुलाला, मुअज्जम जाहला दिली. नीलोफर पंधरा वर्षांची होती.

डिसेंबरमध्ये ही दोन्ही जोडपी इटलीतून 'पिल्स्ना' नावाच्या बोटीने निघाली. बोटीवरच नव्या सुनांना साडी नेसायला आणि निझामाच्या दरबारचे रिवाज शिकवले गेले. त्याच बोटीवर ब्रिंडिसी बंदरात आणखी एक प्रवासी चढला. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतणारे महात्मा गांधी! २८ डिसेंबरला बोट मुंबईला लागली आणि आठवडाभरात गांधीजी तुरुंगात गेले. मुलींना हा भाग सांगितला की त्या हटकून थांबवतात आणि पुन्हा विचारतात, "एकाच बोटीत?" होय, एकाच बोटीत. दहा वर्षांपूर्वी ज्या खिलाफतीसाठी गांधीजींनी हिंदुस्थान हलवला होता, त्या शेवटच्या खलिफाची मुलगी सून होऊन हिंदुस्थानात येत होती. १९३६ साली गांधीजी आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात शेगावला राहायला आले. तेच पुढचं सेवाग्राम. आणि त्याच वर्षी दुर्रूशेहवारला वऱ्हाडचं नाव मिळालं.

आता ते भाड्याचं प्रकरण. वऱ्हाड निझामाच्या राज्यात होता. इंग्रजांनी निझामासाठी म्हणून एक फौज उभी केली, तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. फौजेवर हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निझामाचा. तो खर्च थकत गेला, कर्ज चढलं, आणि १८५३ च्या तहाने कर्जाच्या फेडीसाठी वऱ्हाडचा कारभार कंपनीने आपल्याकडे घेतला. काळ्या कसदार जमिनीचा, कापसाचा हा मुलूख. एकदा हातात आल्यावर इंग्रज तो सोडतील कशाला? निझामाकडून मागणी होत राहिली, उत्तर मिळत नव्हतं. शेवटी १९०२ साली लॉर्ड कर्झनने सहाव्या निझामाकडून, महबूब अली खानाकडून, करार करून घेतला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आणि त्याबद्दल निझामाला वर्षाला २५ लाख रुपये. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. आमचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई; १९०५ मध्ये तो यवतमाळ झाला.

माझ्या सासऱ्यांच्या पेटीत जुन्या सारापावत्या आहेत, पटवाऱ्याच्या सहीच्या. त्यांवर 'सी. पी. ॲण्ड बेरार' असं छापलेलं आहे. त्यातलं 'ॲण्ड' तसं उगाच नाही. मध्यप्रांत इंग्रजांचा, वऱ्हाड निझामाचा पण भाड्याने इंग्रजांकडे. म्हणून नावात दोन्ही वेगळी राहिली. केळापूर तालुक्यातला शेतकरी सारा भरायचा तो इंग्रज सरकारच्या खजिन्यात, आणि त्याच वऱ्हाडाबद्दल दरसाल ठरलेली रक्कम हैदराबादला जमा व्हायची.

सातव्या निझामाला हे डाचत होतं. त्याने वऱ्हाड परत मागून पाहिला, मिळाला नाही. मग २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारात इंग्रजांनी त्याला मान दिला, मुलूख नाही. वऱ्हाडवर निझामाचं सार्वभौमत्व आहे, हे पुन्हा मान्य केलं. वऱ्हाडात ब्रिटिश झेंड्याबरोबर त्याचाही झेंडा लावता येईल, असं ठरलं. त्याच्या किताबात 'हैदराबाद आणि बेरार' असे शब्द आले. आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. इंग्लंडच्या युवराजाला जसा 'प्रिन्स ऑफ वेल्स', तसा हा. कारभार होता तसाच नागपूरहून चालत राहिला. बावीस वर्षांची दुर्रूशेहवार अशी वऱ्हाडची राजकन्या झाली. तिचं घर हैदराबादेत, बेला व्हिस्टा या वाड्यात. ज्या मुलखाचं नाव तिला लागलं, तिथल्या एका पांदणीचीही मालकी त्या किताबाने मिळत नव्हती.

किताब असा पोकळ असला तरी माणूस पोकळ नव्हतं. हैदराबादच्या दरबारात बायका पडद्यात. ही सून पडदा न पाळता समारंभांना जाई, भाषणं करी, उद्घाटनं करी. सासऱ्याला तिचा कोण अभिमान! तो तिला 'नगीना' म्हणे. आपल्या मुलापेक्षा सून उंच आहे, हे तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवी. १९३७ साली लंडनला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला, तेव्हा प्रिन्स आणि प्रिन्सेस ऑफ बेरार तिथे हजर होते. सेसिल बीटनसारख्या नामवंत छायाचित्रकाराने तिची छायाचित्रं काढली. ती छायाचित्रं आजही इंटरनेटवर सापडतात. साडी नेसलेली, ताठ मानेची, डोळ्यांत जराही भीड नसलेली बाई. मी मुलींना तीच दाखवली.

संसार मात्र सुखाचा झाला नाही. दोन मुलं झाली. मुकर्रम जाह १९३३ मध्ये आणि मुफ्फखम जाह १९३९ मध्ये, दोघेही नीसमध्ये जन्मले. नवराबायको पुढे वेगळे राहू लागले. तिने आपलं सगळं लक्ष मुलांच्या शिक्षणावर ठेवलं. मुकर्रम डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये, मग इंग्लंडमध्ये हॅरोला, केंब्रिजला आणि सँडहर्स्टच्या लष्करी संस्थेत शिकला. निझामाने पुढे मुलाला डावलून या नातवालाच वारस केलं. आईने मुलाला तयार केलं होतं, याचा त्यात मोठा भाग असावा, असं मला वाटतं.

आता आजच्या राजकन्यांकडे वळू. लिओनोरलाही एका मुलखाचं नाव आहे; ती 'प्रिन्सेस ऑफ अस्तुरियास'. अस्तुरियास हा स्पेनच्या उत्तरेचा डोंगराळ प्रांत. लिओनोर दर ऑक्टोबरात तिथे ओव्हिएदोला जाते, तिच्या किताबाच्या नावाने शास्त्रज्ञ, लेखक, खेळाडूंना पुरस्कार दिले जातात. २०१४ मध्ये तिचे वडील फेलिपे राजे झाले तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि त्या दिवसापासून वारस आहे. शिकायला वेल्समधल्या एका निवासी महाविद्यालयात गेली. अठराव्या वाढदिवशी, ३१ ऑक्टोबर २०२३ ला, संसदेपुढे राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतली. त्याआधी ऑगस्टमध्येच झारागोझाच्या लष्करी अकादमीत दाखल झाली. तिथून नौदल, शिडाच्या प्रशिक्षण जहाजावरचा प्रवास, मग हवाई दल. उद्या राणी झाली की तिन्ही दलांची प्रमुख ती असणार, म्हणून हे शिक्षण. यातला एक तपशील मुलींना पटत नाही. स्पेनच्या घटनेत अजूनही बहिणीआधी भावाचा हक्क आहे. लिओनोरला भाऊ नाही, म्हणून ती वारस. स्वीडनने हा नियम १९८० मध्ये बदलला, बेल्जियमने १९९१ मध्ये. दुर्रूशेहवारच्या माहेरी आणि सासरी तर गादीवर मुलगी बसण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि अमालिया. २०२१ मध्ये अठराची होत असताना तिला वर्षाला सुमारे १६ लाख युरो मिळणार होते. तिने पंतप्रधानांना पत्र लिहून कळवलं की मी अजून शिकते आहे, त्याबदल्यात काही काम करत नाही, तोवर हे पैसे मला नकोत. मला ही गोष्ट फार आवडली. पण पुढच्याच वर्षी गुन्हेगारी टोळ्यांच्या धमक्यांमुळे तिला आम्स्टरडॅममधली विद्यार्थ्यांची खोली सोडून राजवाड्यात परतावं लागलं आणि नंतर बराच काळ माद्रिदला राहून अभ्यास करावा लागला. मैत्रिणींबरोबर सायकलवर कॉलेजला जाणं, जे आमच्या पांढरकवड्याच्या मुलींना सहज मिळतं, ते तिला मिळालं नाही.

शंभर वर्षांत फरक पडला तो असा. आजच्या राजकन्येला शिक्षण निवडता येतं, जोडीदार निवडता येतो, संसदेपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने शपथ घेता येते. दुर्रूशेहवारचा देश कायद्याने काढून घेतला, लग्न वडीलधाऱ्यांनी ठरवलं, किताब दोन सरकारांच्या तहनाम्यात लिहिला गेला. पण बदललं नाही ते हे, की जन्मापासून दुसऱ्यांचे डोळे आपल्यावर आहेत आणि आपण चुकलो तर घराणं चुकलं. हे ओझं लिओनोरच्या खांद्यावरही आहे. म्हणून मी मुलींना सांगते, तिचे दागिने बघा, जरूर बघा, पण ती पहाटे उठून कवायतीला जाते तेही बघा.

दुर्रूशेहवारच्या पुढच्या आयुष्यात एक दुःख फार मोठं होतं. १९४४ च्या ऑगस्टमध्ये, पॅरिस जर्मनांच्या हातून सुटत होतं त्याच दिवसांत, अब्दुलमजीद तिथे वारले. इस्तंबूलमध्ये दफन व्हावं म्हणून तिने तुर्की सरकारकडे खूप प्रयत्न केले. नकार आला. खलिफांचा देह दहा वर्षं पॅरिसच्या मशिदीत ठेवलेला होता. शेवटी १९५४ मध्ये मदिनेत दफन झालं. मधल्या काळात सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई होऊन हैदराबाद भारतात आलं. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली, 'मध्यप्रांत आणि वऱ्हाड' जाऊन मध्य प्रदेश आला, निझामाचा वऱ्हाडवरचा कागदी हक्कही संपला. त्या दिवशी वऱ्हाडची राजकन्या छत्तीस वर्षांची झाली. आम्ही १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो.

तिच्या जावेने, नीलोफरने, हैदराबादेत बायकामुलांच्या दवाखान्यासाठी पुढाकार घेतला. तिची एक दासी बाळंतपणात दगावली होती, ते तिच्या मनाला लागलं होतं. ते नीलोफर हॉस्पिटल पैनगंगेपलीकडच्या लोकांना चांगलं माहीत आहे. दुर्रूशेहवार यांनीही जुन्या हैदराबादेत, पुरानी हवेलीत, बायकामुलांसाठी रुग्णालय काढलं, आणि याकूतपुऱ्यात मुलींसाठी कनिष्ठ महाविद्यालय. उत्तरायुष्य त्यांनी लंडनमध्ये काढलं आणि ७ फेब्रुवारी २००६ रोजी तिथेच त्या वारल्या. पहिल्या महायुद्धाच्या वर्षी जन्मलेल्या या बाईने ब्याण्णव वर्षांचं आयुष्य पाहिलं.

वऱ्हाडातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. आठवी-नववीच्या वर्गात खिलाफत चळवळ शिकवताना, हैदराबाद मुक्तिसंग्राम शिकवताना, पाच मिनिटं या राजकन्येला द्या. आपल्या जिल्ह्याचा इतिहास इस्तंबूल आणि नीसपर्यंत पोचतो, हे मुलांना कळू द्या. आणि ज्यांच्या घरी 'सी. पी. ॲण्ड बेरार' छापलेले जुने कागद असतील, त्यांनी ते दिवाळीच्या साफसफाईत फेकू नयेत. इथून हैदराबादला जाणारे चारमिनार बघतातच. तिथून पुरानी हवेली जवळ आहे. रिक्षावाल्याला दुर्रूशेहवार हॉस्पिटल म्हणून सांगा, तो नेऊन सोडेल.